फोकस ज्याचा त्याने लावावा

शाळेत पेशी दाखवायची म्हटलं की पहिला मान कांद्याचा. इयत्ता कुठलीही असो, पेशीच्या धड्यात कांद्याचा पापुद्रा येतोच. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत कांद्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. रोपं उपटून लावणीला नेण्यापासून पात कापून कांदा चाळीत भरेपर्यंत सगळं इथल्या मुलांनी पाहिलेलं असतं, पुष्कळांनी स्वतः केलेलंही असतं. लाल कांदा फार दिवस टिकत नाही, गावरान चाळीत महिनोन् महिने राहतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. इतक्या ओळखीच्या वस्तूच्या एका पापुद्र्यात आणखी एक रचना दडलेली आहे आणि ती आपल्याला आपल्या बोटांनी शोधून काढता येते, हा अनुभव शाळेने या मुलांना द्यायला हवा. त्यासाठी जोडून घेतलेल्या दोन तासिका आणि दोन-चार धड सूक्ष्मदर्शक पुरतात.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी होतं ते वेगळं. पट पन्नासचा आणि चालू स्थितीतला मायक्रोस्कोप एखाद-दुसरा. सर किंवा बाई आधीच स्लाइड तयार करतात, फोकस लावून ठेवतात आणि मुलं रांगेने येऊन डोळा लावून जातात. पाचव्या-सहाव्या मुलाचा कोपर टेबलाला लागतो, चित्र पुसट होतं, आणि त्याच्यानंतरची सगळी मुलं एक राखाडी गोल पाहून "दिसलं सर" म्हणतात. मग जर्नलमधली आकृती उतरते ती पुस्तकातून: एकसारखे चौकोन आणि प्रत्येकात मधोमध एक ठिपका. खऱ्या पापुद्र्यातल्या पेशी लांबट असतात, कमी-जास्त आकाराच्या असतात आणि त्यांचं केंद्रक बहुधा कडेला सरकलेलं असतं. आकृती पाहूनच कळतं की मुलाने पेशी पाहिलेली नाही.

शिक्षकाकडे वेळ कमी, साधनं कमी, अभ्यासक्रम संपवायची घाई. हे सगळं खरं आहे. तरीही या पद्धतीत शिकायची मुख्य गोष्टच शिक्षकाच्या हातात राहून जाते. फोकस लावणं हाच धडा आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आपोआप दिसत नाही. बोटं आणि डोळा यांना एकमेकांच्या तालावर काम करायची सवय लागावी लागते, आणि ती दुसऱ्याने लावलेल्या फोकसवर लागत नाही. ज्याने स्वतः धूसर गोलातून पेशीची भिंत खेचून आणली, त्याला ती पुन्हा कुठेही आणता येते.

यंत्र साधं आहे. आपल्याकडच्या शाळांतले बरेचसे सूक्ष्मदर्शक हरियाणातल्या अंबाल्याहून येतात, कारण प्रयोगशाळेची उपकरणं बनवणारा देशातला मोठा उद्योग तिथे आहे. एका डोळ्याने पाहायची नळी, खाली आरसा, स्लाइड ठेवायला मंच, फिरत्या चकतीवर दोन किंवा तीन पदार्थभिंगं आणि वर नेत्रिका. पदार्थभिंग स्लाइडवरच्या वस्तूची मोठी, उलटी प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. नेत्रिका त्या प्रतिमेला भिंगासारखी आणखी मोठी करून दाखवते. दोन टप्प्यांत मोठं करायचं म्हणून हा 'संयुक्त' सूक्ष्मदर्शक. नेत्रिका १० पट आणि पदार्थभिंग ४० पट असेल तर दोन्हींचा गुणाकार ४०० पट. दहावीच्या पुस्तकात याची किरणाकृती असते आणि ती पाठही होते. तिचा अर्थ मात्र स्लाइड हलवून पाहिल्याशिवाय उमगत नाही.

पहिल्या दिवशी स्लाइडला हातसुद्धा लावू नये. आधी प्रकाश. नवा विद्यार्थी थेट नेत्रिकेकडे झेपावतो आणि काळोख दिसला की स्क्रू फिरवत सुटतो. त्याला आधी आरसा शिकवावा. आरशाच्या दोन बाजू असतात, एक सपाट आणि एक अंतर्वक्र. मंचाखाली कंडेन्सर नसलेल्या साध्या यंत्राला अंतर्वक्र बाजू वापरायची, कारण ती प्रकाश गोळा करून स्लाइडवर टाकते. कंडेन्सर असेल तर सपाट बाजू, कारण गोळा करण्याचं काम कंडेन्सर करतो. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा उजेड किंवा समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड सगळ्यांत चांगला. आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवायचा नाही. आपल्याकडचं ऊन आठ-दहा महिने प्रखर असतं, आणि ते गोळा होऊन नेत्रिकेतून डोळ्यात गेलं तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. ही सूचना फळ्यावर लिहून भागत नाही. पहिल्या तासाला प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्यावी.

या आरशाच्या यंत्राला हल्ली थोडं कमी लेखलं जातं, कारण नव्या यंत्रांत एलईडी दिवा असतो. दिवा सोयीचा आहेच. पण वीज गेली तरी आरशाचं यंत्र चालू राहतं. शिवाय प्रकाश कुठून येतो, किती येतो आणि कमी-जास्त केला की चित्रात काय बदलतं हे आरशावर शिकलेल्या मुलाला पक्कं कळतं. शाळेकडे आरशाचं जुनं यंत्र असेल तर ते अडगळीत टाकू नये.

प्रकाशाचा एकसारखा उजळ गोल मिळाला की पहिली स्लाइड वर्तमानपत्रातल्या अक्षराची. छोट्या जाहिरातींतलं बारीक 'प' कापून घ्यावं, स्लाइडवर पाण्याचा थेंब टाकून त्यात सुलट ठेवावं आणि वर कव्हरस्लिप ठेवावी. चार पटीचं भिंग असेल तर अक्षर बहुधा पूर्ण मावतं. दहा पटीच्या भिंगात त्याचा एखादा भागच दिसतो. शिरोरेखा खाली गेलेली असते आणि उजवीकडचा दंड डावीकडे. स्लाइड उजवीकडे सरकवली तर अक्षर डावीकडे पळतं, आपल्याकडे ओढली तर पलीकडे जातं. किरणाकृतीतल्या उलट्या बाणाचा अर्थ इथे बोटांना कळतो. आपल्या लिपीला शिरोरेखा असल्याने उलटसुलट झालेलं एका नजरेत ध्यानात येतं, म्हणून हा प्रयोग देवनागरीत जास्त रंगतो. जवळून पाहिलं तर शाई कागदाच्या तंतूंमध्ये पसरलेली दिसते. ज्या अक्षराची कड आपण धारदार समजत होतो ती विसविशीत निघते. पाच-सात मिनिटं हलत्या अक्षराचा पाठलाग केला की स्लाइड सरकवण्याचा हात बसतो.

मग फोकस. फोकसचे दोन स्क्रू असतात, मोठा कोर्स आणि लहान फाइन. नियम सोपा आहे आणि त्यामागचं कारण सांगितलं तर मुलं तो मोडत नाहीत. सुरुवात नेहमी सगळ्यांत कमी पटीच्या भिंगाने. डोळा नेत्रिकेला लावण्याआधी मान वाकवून बाजूने पाहायचं आणि कोर्स स्क्रूने भिंग स्लाइडच्या जवळ आणायचं, टेकू द्यायचं नाही. त्यानंतर नेत्रिकेतून पाहत फक्त दूर नेत राहायचं. काही यंत्रांत नळी हलते, काहींत मंच. हलो काहीही, पाहत असताना अंतर वाढतंच राहिलं पाहिजे. दहा पटीचं भिंग स्लाइडपासून काही मिलिमीटर लांब असताना चित्र स्पष्ट होतं, पण चाळीस पटीच्या भिंगाला एका मिलिमीटरहूनही कमी जागा उरते. पाहत-पाहत जवळ आणणाऱ्याला काच कधी लागली ते कळत नाही. कव्हरस्लिप फुटते, आणि ती परवडली. भिंगावर ओरखडा पडला तर ते भिंग कायमचं अधू होतं.

दहा पटीत चित्र मिळालं की हवा तो भाग गोलाच्या मधोमध आणायचा आणि चकती फिरवून चाळीस पटीचं भिंग खाली घ्यायचं. बऱ्या यंत्रात चित्र जवळजवळ जागेवरच असतं. इथून पुढे कोर्स स्क्रूला हात लावायचा नाही. फक्त फाइन, तोही थोडा पुढे, थोडा मागे. दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी; एक डोळा मिटून पाहणाऱ्याचा डोळा दहा मिनिटांत दुखायला लागतो आणि त्याला वाटतं सूक्ष्मदर्शक म्हणजे शिक्षा. लांबचं किंवा जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा असेल तर तो काढून फोकस लावता येतो, कारण ती कसर स्क्रू भरून काढतो. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र चष्मा ठेवावा.

आता कांदा. कांदा उभा चिरायचा, आतला एक रसरशीत पदर सुटा करायचा आणि त्याच्या आतल्या, खोलगट बाजूने पापुद्रा काढायचा. पदर बोटांनी कडकन मोडला की मोडलेल्या कडेला कागदापेक्षा पातळ, पारदर्शक पडदा लोंबतो. तो चिमट्याने हलकेच ओढून घ्यायचा आणि लगेच पाण्यात टाकायचा; हवेत राहिला तर सुकून गुंडाळतो. नखाएवढा तुकडा पुरे. स्लाइडवर थेंबभर पाणी, त्यात पापुद्रा सुईने सपाट पसरायचा, वर रंगासाठी सॅफ्रानिनचा किंवा सौम्य आयोडीनचा थेंब. कव्हरस्लिप वरून धप्पकन टाकायची नाही. तिची एक कड आधी पाण्याला टेकवायची आणि दुसरी कड सुईवर पेलत हळूहळू खाली सोडायची. जादा पाणी टिपकागदाने कडेने टिपून घ्यायचं.

एवढं करूनही बुडबुडे राहतात, आणि ते सगळ्या नवशिक्यांना फसवतात. बुडबुडा अगदी गोल असतो, त्याची कड जाड, काळीकुट्ट आणि आतला भाग झगझगीत. तो इतका ठसठशीत दिसतो की मूल आनंदाने ओरडतं, "सापडली पेशी!" कितीतरी जर्नलांत केंद्रकाशिवायची गोल 'पेशी' काढलेली असते ती हीच. त्याला नापास करण्यापेक्षा बुडबुडा मुद्दाम करून दाखवावा. काय पाहायचं नाही हे एकदा कळलं की काय पाहायचं ते लवकर सापडतं.

खरी पेशी दिसते ती अशी: लांबट चौकटी एकीला एक लागून, मध्ये पातळ भिंत, आणि जवळजवळ प्रत्येकीत एक गोल किंवा चपटा, जास्त गडद रंगलेला ठिपका. ते केंद्रक. आयोडीनने पापुद्रा पिवळसर-तपकिरी होतो, निळा होत नाही. हे मुलांना आवर्जून विचारावं: बटाट्यावर आयोडीन टाकलं तर निळं-काळं होतं, मग कांद्यावर का नाही? कारण कांदा आपला साठा पिठाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपात ठेवत नाही, वेगवेगळ्या शर्करांच्या रूपात ठेवतो. तव्यावर परतलेला कांदा गोड लागतो, त्यामागेही हेच आहे.

चाळीस पटीत फाइन स्क्रूचा खरा उपयोग कळतो. या भिंगात एका वेळी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्याच जाडीचा थर स्पष्ट दिसतो. पेशी त्याहून कितीतरी जाड असते. स्क्रू किंचित फिरवला की वरची भिंत दिसते, आणखी फिरवला की केंद्रक उगवतं, पुढे तेही पुसट होऊन खालची भिंत येते. वहीची पानं एकेक उलटावीत तशी पेशी थराथराने उलगडते. पुस्तकातली आकृती सपाट असते, म्हणून मुलांना पेशीही सपाट वाटते; ती खोकं आहे हे बोटाच्या या लहानशा हालचालीतून कळतं. ज्याचा हात फाइन स्क्रूवरून सुटत नाही तो पाहायला शिकला, असं मी खुशाल म्हणेन.

केवढी आहे ही पेशी? इथे गणिताचा तास विज्ञानाच्या तासात आणता येतो. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी दहा पटीच्या भिंगाखाली ठेवा आणि उजळ गोलाचा व्यास मोजा. बऱ्याच शालेय यंत्रांत तो १.८ मिलिमीटरच्या आसपास भरतो. चाळीस पटीत गोल चौपट लहान होतो, म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर. आता पापुद्र्याच्या पेशी लांबीच्या दिशेने गोलात किती मावतात ते मोजा. दहा पटीच्या गोलात सहा मावल्या तर एकीची लांबी १.८ भागिले ६, म्हणजे ०.३ मिलिमीटर. स्वतःच्या गालाच्या आतल्या बाजूने दातकोरण्याच्या बोथट टोकाने हलकेच घेतलेल्या पेशी साधारण ०.०६ मिलिमीटरच्या निघतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी ०.००७५ मिलिमीटरच्या. रक्त मात्र वर्गात काढू नये. तयार स्लाइड वापरावी. दुसऱ्याच्या मोजमापाशी उत्तर तंतोतंत जुळणार नाही, जुळायची गरजही नाही. 'सूक्ष्म' या मोघम शब्दाच्या जागी मुलाने स्वतः काढलेला आकडा येतो, हे मोठं काम आहे.

माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत सुंदर प्रयोग लाल कांद्याचा आणि मिठाचा. लाल कांद्याच्या रसरशीत पदराच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा घ्यायचा. त्याला रंग द्यायची गरज नाही, रंग त्याचा त्याच्या पेशीत असतो, आतल्या मोठ्या रिक्तिकेत साठलेला. साध्या पाण्यात तो पेशीभर भिंतीपर्यंत पसरलेला दिसतो. अर्धा पेला पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला ठेवायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावायचा. कागद जुनं पाणी ओढून घेतो, खारं पाणी आत शिरतं. काही मिनिटांतच जांभळा रंग भिंतीपासून सुटतो, कोपऱ्यांतून आत सरकतो, आक्रसतो आणि गडद होतो. भिंत जागच्या जागी उभी असते. पेशीतलं पाणी बाहेरच्या खारटपणाने ओढून घेतलं. फार उशीर न करता त्याच मार्गाने साधं पाणी सोडलं तर रंग पुन्हा पसरतो.

हा प्रयोग पाहिलेल्या मुलाला परासरणाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. लोणच्यातल्या कैरीला पाणी का सुटतं हे त्याला दिसलेलं असतं. उसाला बेसुमार पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी भीमा-नीरेच्या खोऱ्यात सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. ओल असूनही तिथलं पीक तहानलेलं का राहतं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या जांभळ्या पापुद्र्यात आहे.

पेशीला नाव मिळालं तेही अशाच यंत्रामुळे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक छापलं, तेव्हा बुचाच्या कापात त्याला रिकाम्या कोठड्या दिसल्या होत्या आणि त्यांनाच त्याने 'सेल' म्हटलं. त्याचा सूक्ष्मदर्शक संयुक्तच होता. त्याच सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक एकाच इवल्याशा भिंगाने त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक जीव पाहत होता. दोन भिंगांचं यंत्र एका भिंगापुढे मागे पडलं, कारण साध्या काचेचं भिंग वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी एकत्र आणतं आणि चित्राला रंगीत झालर येते. दोन टप्प्यांत मोठं केलं की हा दोषही मोठा होतो. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने निरनिराळ्या काचांची भिंगं योग्य अंतरावर जोडून हा दोष आटोक्यात आणण्याचा मार्ग दाखवला. लिस्टर पेशाने दारूचा व्यापारी, आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणाऱ्या जोसेफ लिस्टरचा बाप. शाळेच्या कपाटातलं साधं यंत्रसुद्धा या सुधारणेमुळे हूकच्या यंत्राहून सरस आहे.

मुलांचा एक प्रश्न हमखास येतो: अजून मोठं करता येणार नाही का? करता येतं, पण एका मर्यादेपुढे त्यातून नवं काही दिसत नाही. १८७३ मध्ये येना इथल्या एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं की दोन जवळचे बिंदू वेगळे दिसणं हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं यावर ठरतं. शालेय यंत्रातल्या चाळीस पटीच्या भिंगावर ०.६५ असा आकडा कोरलेला असतो, तो याचाच. हिरव्या उजेडात त्याची मर्यादा ०.४ मायक्रॉनच्या थोडी वर येते. याच भिंगावर २५ पटीची नेत्रिका बसवून हजार पट म्हटलं तरी तपशील तेवढेच राहतात, फक्त फुगतात आणि धूसर होतात. म्हणून यंत्र विकत घेताना पेटीवर ठळक छापलेल्या 'इतके हजार पट' या आकड्याला भुलू नये. दहा आणि चाळीस पटीची दोन चांगली भिंगं शाळेचं सगळं काम करतात.

मंचाखालची झडप म्हणजे डायफ्रॅम. तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. न रंगवलेला पापुद्रा भरपूर उजेडात जवळजवळ नाहीसा होतो. झडप थोडी मिटली की भिंती उठून दिसतात. फार मिटली तर प्रत्येक कडेभोवती खोट्या रेषा उमटतात आणि बारीक तपशील हरवतात. नेमकी जागा प्रत्येक स्लाइडला वेगळी, आणि ती सापडायला सरावच लागतो.

कांद्यापाशी थांबायचं कारण नाही, कारण या दोन तालुक्यांत शेतातून आणि चाळीतूनच साहित्य येतं. चाळीतल्या कांद्याच्या सुक्या सालीखाली काजळीसारखी काळी बुरशी दिसते, ती सगळ्यांच्या ओळखीची. पारदर्शक चिकटपट्टी तिच्यावर हलकेच दाबून स्लाइडवरच्या थेंबावर चिकटवली की दांड्यावर गोल डोकं आणि त्यातून सुटलेल्या काळ्या बीजाणूंच्या माळा दिसतात. हे बीजाणू हुंगू नयेत, फुंकू नयेत. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला हे काम देऊ नये. कांद्याच्या पातीवर जांभळट चट्टे पडतात तो जांभळा करपा. त्याच्या बुरशीचे बीजाणू चांगले थोराड असतात, सोनेरी-तपकिरी, आडव्या-उभ्या पडद्यांनी विभागलेले आणि एका टोकाला लांब चोच आलेले. चाळीस पटीच्या गोलात एखादा बीजाणू निम्मा गोल व्यापू शकतो. पातीवर धूळ आणि इतर बुरश्याही असतात, तेव्हा एका नजरेवरून फवारणी ठरवू नये. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. शंका असेल तर चट्टा पडलेली पात घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांना विचारता येतं. पण आपल्या वावरातल्या करप्यामागे प्राणी-वनस्पतींहून निराळा एक जीव आहे आणि त्याला आकार आहे, हे मुलाने पाहिलेलं असलं की घरातलं फवारणीचं बोलणं त्याला वेगळं ऐकू येतं.

दौंडच्या बाजूला ऊस. उसाचं किंवा ज्वारीचं पान घेऊन त्याच्या खालच्या बाजूला नखांची पारदर्शक पॉलिश लावायची, सुकली की चिकटपट्टीने उचलून स्लाइडवर लावायची. पानाची त्वचा पॉलिशमध्ये उमटलेली असते. गवताच्या कुळातल्या या पिकांच्या पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात. शेजारी पालकाचं किंवा घेवड्याचं पान घेतलं तर त्या घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकड्या निघतात. आणि नदीचं पाणी तर आहेच. पुण्याहून मुळा-मुठेचं पाणी घेऊन भीमा दौंडकडे येते. काठालगतच्या दगडावरची हिरवट-तपकिरी बुळबुळ खरवडून थेंबात घेतली तर डायटम दिसतात, वाळूच्याच द्रव्याच्या नक्षीदार पेट्यांत राहणारी शैवालं. कोणत्या जाती किती आहेत यावरून पाण्याची प्रत ओळखता येते, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमांवर संशोधन चालतं. थेंबात पॅरामेशियम सापडला तर तो सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पळतो. चाळीस पटीचा गोल त्याला अर्ध्या सेकंदाचाही नाही. कापसाचे चार तंतू थेंबात टाकले की त्यांच्यात तो अडखळतो आणि पाहता येतो. नदीच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणं हा प्रयोगाचाच भाग समजावा.

करून शिकण्याची ही वाट शिरूर तालुक्याला नवी नाही. मस्तानीच्या कबरीमुळे लोकांना ठाऊक असलेल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञानातले संशोधक, हिंदुस्थान लिव्हरमधलं काम सोडून या दुष्काळी गावात आले. हाताने काम करत शिकणं हीच शिकण्याची नैसर्गिक रीत आहे, अशी त्यांची धारणा होती. शेती, गृह-आरोग्य, ऊर्जा आणि कार्यशाळा अशा विभागांतून मुलं वेल्डिंगही शिकतात आणि माती तपासणं, रक्तगट तपासणंही शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू स्वतः घडवून पाहण्याच्या कार्यशाळांपैकी, एक याच पाबळला उभी राहिली. ज्या तालुक्यात हे घडलं, तिथल्या शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद राहावा याची खंत वाटते.

यंत्रं कमी आहेत ही अडचण खरी, पण तीवर तोड आहे. मेरठमध्ये जन्मलेले मनू प्रकाश आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घडीच्या कागदाचा 'फोल्डस्कोप' जगापुढे मांडला. त्यात लेव्हेनहूकसारखं एकच बारीक भिंग असतं आणि साधारण १४० पट मोठं दिसतं. तो दप्तरात मावतो, बांधावर नेता येतो. संयुक्त सूक्ष्मदर्शकाची जागा तो घेत नाही, पण रांग कमी करतो. नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा धरून चित्र सगळ्यांना दाखवता येतं, तेही चांगलं. मात्र ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याने फोकस आधी डोळ्याने लावलेला असावा.

चार यंत्रं आणि पन्नास मुलं असतील तर एका यंत्राशी एका वेळी दोघं बसवावीत. एकाने चालवायचं, दुसऱ्याने बाजूने भिंग आणि स्लाइड यांतल्या अंतरावर नजर ठेवायची. बाकीची मुलं त्या वेळात पापुद्रे काढतील, स्लाइड करतील, मोजमापाची गणितं सोडवतील. आणि एक नियम कडक पाळावा: आपलं पाहून झालं की उठण्याआधी कोर्स स्क्रू फिरवून फोकस मुद्दाम घालवायचा आणि कमी पटीचं भिंग खाली आणून ठेवायचं. पुढच्याने शून्यापासून सुरुवात करायची. आकृती यंत्राशेजारी बसूनच काढायची, पुस्तक मिटून, आणि शेजारी किती पट ते लिहायचं.

भिंगांची निगा मुलांकडेच सोपवावी. शिरूर-दौंड पर्जन्यछायेतले तालुके, त्यामुळे कोकणातल्यासारखी भिंगांवर बुरशी चढायची भीती इथे कमी, धुळीची जास्त. धूळ आधी रबरी फुग्याने उडवायची आणि मगच लेन्सपेपरने पुसायची. रुमाल, ओढणी किंवा शर्टाचं टोक लावलं तर धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. यंत्र उचलताना एक हात कमानीला आणि एक बुडाखाली.

हीच बोटं पुढे कुठे लागतात हेही मुलांना सांगावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ हिवतापाची स्लाइड पाहतो तेव्हा तेलाचा थेंब टाकून शंभर पटीच्या भिंगाखाली निदान शंभर गोल तपासल्याशिवाय 'जंतू नाहीत' असं लिहीत नाही. संकरित गाईला गोचिडांपासून होणाऱ्या थायलेरियाचं निदानही रक्ताच्या स्लाइडवर होतं. या कामांत फाइन स्क्रूवरचा हात आणि न दमणारा डोळा यांच्यावर माणसाचं आणि जनावराचं औषध ठरतं. म्हणून दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सुबक आकृतीला जे गुण मिळतात त्यांतले निम्मे तरी फोकसला द्यावेत. परीक्षकाने स्वतः फोकस बिघडवून यंत्र समोर ठेवावं, अनोळखी स्लाइड द्यावी आणि पाच मिनिटांनी नेत्रिकेतून एकदाच पाहावं.